तिसऱ्या तबकडीची दुसरी बाजू

बैलांची दमणी नदीच्या पात्रात उतरली तेव्हाच सोजरबाईनं ती ओसरीवरून ओळखली. आखाजीच्या, अक्षय्यतृतीयेच्या दिवसांत तापीला पाणी असून असून किती असणार! जैनाबादची माणसं चपला हातात घेऊन बुऱ्हाणपूरच्या बाजाराला चालत जात आणि चालत येत. धाकटा भाऊ विनायक मात्र बुऱ्हाणपूरजवळच्या लालबागला गिरणीच्या कचेरीत लागल्यापासून शहरी झालेला. तो गाडीशिवाय नदी ओलांडत नसे. आज त्यानं छत्री उघडली होती. पण ती ना त्याच्या डोक्यावर होती, ना शेजारी बसलेल्या त्याच्या लेकीच्या, कुसुमच्या. बापलेक दोघं भर उन्हात घामाघूम, आणि छत्रीची सावली मधल्या लाकडी खोक्यावर.

“वहिनी, या बाहेर. पाहा तुमच्या दिराले. खोक्याले सावली करून आणून राहिला.”

गोदाबाई पिठाचे हात तसेच घेऊन ओसरीवर आली. “खोक्यात नवरदेव हाये का काय? कुसुमनं मुंबईहून आणला असन तर आधी सांगा म्हणा, मांडे वाढवावे लागतीन.”

दोघी हसल्या. हसता हसता सोजरबाईनं मागे वळून पाहिलं. थोरला भाऊ गिरधर गोठ्याकडे होता, त्यानं काही ऐकलं नव्हतं. बरं झालं. सावद्याच्या एका घराशी कुसुमची बोलणी चालली होती आणि गिरधर पाटलानं शब्द देऊन ठेवला होता. अशा वेळी असली थट्टाही त्याला खपली नसती.

गाडी अंगणात आली. कुसुम उडी मारून उतरली ती पाया पडायच्या आधीच ओरडली, “आत्या, थंड जागा कुठली? लवकर सांग. लाखेच्या आहेत गं, ऊन लागलं तर पापडासारख्या वाकतील.”

“माठाच्या खोलीत ने. थांब, नुसतं नको ठेवू.” सोजरबाईनं परसातून केळीची दोन मोठी पानं कापून आणली, पाण्यात बुडवून झटकली आणि खोक्यावर अंथरली. बाळंतिणीला निजवावं तशी त्या खोक्याची सोय लागली, तेव्हा कुठे कुसुमनं वाकून नमस्कार केला.

त्या खोक्यात कुसुमची गाणी होती. तीन तबकड्या, सहा बाजू, सहा गाणी, आणि त्यांच्या बऱ्याच प्रती. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं तिला दारातूनच परत पाठवलं होतं. बायकांचा आवाज पातळ लागतो म्हणे, तुमचा जाड आहे. कुसुम शाळेत शिकवायची. सुट्टी लागली तशी ती पुन्हा मुंबईला गेली, मामाच्या घरी राहिली, पेटीवाला शोधला, तबलजी शोधला, आणि खासगी काम घेणाऱ्या एका लहानशा कारखान्यातून स्वतःच तबकड्या काढून आणल्या. कुठल्या कंपनीचं चित्र नाही, कुणा शेठजीचा शिक्का नाही. पुठ्ठ्याच्या तीन पिशव्या एकत्र शिवून तिनं त्यांचं पुस्तक केलं होतं आणि वर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘जिवाची गाणी’.

“याला अल्बम म्हणतात, मोठी आई,” तिनं गोदाबाईला सांगितलं.

“अल्बम फोटोचा राहाते.”

“हा आवाजाचा.”

“मंग दाखव, तू कुठं बसली हायेस यात?” गोदाबाई म्हणाली, आणि माठाच्या खोलीत सगळ्याजणी हसल्या. गिरधरची लेक सुनंदा रावेरहून आखाजीसाठी माहेरी आली होती. तिनं पुस्तकावरून हळूच बोट फिरवलं. “किती छान गं,” ती म्हणाली. “आमच्याकडे असं काही केलं असतं ना मी, तर माझाच फोटो भिंतीवर लागला असता, हार घालून.”

बाहेर निंबाच्या झोक्यावर गल्लीतल्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. सोजरबाई तिथंच उंबऱ्यावर टेकली. माठाच्या खोलीत पूर्वी जातं होतं. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं उचलून भिंतीशी उभं केलं गेलं. कुसुमची आई लीला बाळंतपणातच गेलेली. तेव्हापासून ही पोर सोजरबाईच्या मांडीवर वाढली. पहाटे जातं फिरू लागलं की पोर मांडीवर डोकं ठेवून पडायची. जात्याचा हादरा तिच्या अंगातून जायचा, तिचे केस पिठानं पांढरे व्हायचे, आणि ती न झोपता, न बोलता ऐकत राहायची. त्या घरघरीतच हिचा आवाज जाड झाला असेल, असं सोजरबाईला कधी कधी वाटे. घागरीत तोंड घालून बोलावं तसा.

दुपारी जेवणं झाली. पितरांची घागर भरून झाली होती, खापरावरचे मांडे आणि आमरस पोटात गेले होते. पुरुष माणसं आडवी व्हायच्या बेतात असताना विनायक घसा खाकरून म्हणाला, “दादा, मग लावायचं का?”

गिरधर उठला आणि कपाटावरचा ग्रामोफोन स्वतः खाली घेतला. लढाईच्या काळात कापसाला भाव आला होता तेव्हा घेतलेला. घरात त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियमच होता. किल्ली तोच भरी, सुई तोच बदली. आणि आजवर त्यावर भजनांखेरीज काही वाजलं नव्हतं.

“घाई कायची होती इतकी?” किल्ली फिरवता फिरवता तो म्हणाला. “लग्न झाल्यावर नवऱ्याच्या परवानगीनं काय ते केलं असतं.”

“दादा, नागपूरची राजधानी उठतेय,” विनायकनं लेकीची बाजू घेतली. “आमच्या ऑफिसात रोज हीच बात. नागपूर महाराष्ट्रात जाणार, आपण भोपाळच्या हवाली. आज नागपूर रेडिओ आपला आहे. उद्या मराठी गाणं घेऊन कुठं जायचं? चौकातला तबकड्यांचा दुकानदार तर आत्ताच म्हणतो, हिंदीत होतं का काही?”

“सरकार कुठं बी जाऊ दे. केळी इथंच येतीन,” गिरधर म्हणाला आणि सुई टेकवली.

थोडी खरखर झाली आणि कुसुमचा आवाज ओसरीभर पसरला.

समोर बसलेली कुसुम आणि डब्यातून येणारी कुसुम! गोदाबाई एकदा हिच्याकडे बघे, एकदा तिकडे. पहिलं गाणं लालबागच्या स्टेशनचं होतं. आगगाड्या येतात, चहा पितात आणि जातात, आणि स्टेशन तिथंच राहतं, असं काहीसं. दुसरं उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरीचं. तिसरं शाळेतल्या त्या मुलीचं, जिचं लग्न ठरलं म्हणून तिची पाटी धाकट्या बहिणीला मिळते. ते ऐकून सुनंदानं पदर डोळ्यांना लावला. चौथ्याला गिरधरची मान हलायला लागली. पाचवं केळीच्या बागेचं होतं. घड देऊन झाल्यावर केळीला कापतात, आणि तिच्याच पायाशी तिचं पिल्लू वर येतं.

“हे पुन्हा लाव,” गिरधर स्वतःलाच म्हणाला आणि स्वतःच पुन्हा लावलं. “विनायक, पोरीनं बाग पाहिली हाये हो. मले वाटलं होतं, मुंबईची नक्कल करीन.”

विनायकचं तोंड इतकं फुललं की बघतच राहावं. सोजरबाईनं मनातल्या मनात कानशिलावर बोटं मोडली. झालं, पोर पार पडली.

गिरधरनं तिसरी तबकडी उलटी केली, सुई बदलली.

या वेळी तबला नव्हता. पेटीचा एकच सूर, लांब, जात्याच्या घरघरीसारखा. आणि त्यावर कुसुम:

*नदीच्या उताराला तुझं पाऊल वाळूत,*
*पाणी येतं, पुसू पाहतं, मी बसते राखीत.*

सोजरबाईच्या हातातला अडकित्ता थांबला.

*कापूस येचता येचता तुझ्या सदऱ्याचा वास,*
*एक बोंड मी ठेवलं उशाखाली बारा मास.*

आपण आत कडी लावून बसावं, आणि ती कडी कुणीतरी बाहेरून अलगद काढावी, तसं तिला झालं. ओवी तिची होती. जुनी पुराणी, आईकडून आलेली नव्हे, तिनं स्वतः जुळवलेली. घरातल्या दुसऱ्या बायका दळायला बसल्या की ती देवाच्या ओव्या म्हणे, भावाच्या म्हणे, सगळ्यांच्या म्हणे. ही मात्र कधी तोंडातून निघाली नव्हती. ही फक्त एकटी असताना, गोदाबाई माहेरी गेलेली असताना, मांडीवरच्या त्या पोरीला काय कळतंय अशा भरवशावर म्हटलेली.

पोरीला कळलं नव्हतं. पण पोरीनं ठेवलं होतं.

गिरधरनं हात पुढे करून सुई उचलली. गाणं मधेच तुटलं. बाहेरच्या झोक्याची करकर एकदम मोठी वाटू लागली.

“कोनाचा सदरा?” त्यानं विचारलं.

“मोठे बाबा, गाणं आहे ते.”

“गाणं हाये ते कळते मले. पाच ऐकले. स्टेशनचं गाणं स्टेशनचं होतं, विहिरीचं विहिरीचं. मंग हे कोनाचं?”

कुसुम काही बोलणार तोच सुनंदा बोलून गेली, “रावेरला हे वाजलं ना, तर आमच्या सासूबाई विचारतील, तुझ्या चुलतबहिणीच्या उशाखाली अजून काय काय असतं म्हणून.” बोलली आणि लगेच जीभ चावली. पण गेलेला शब्द गिरधरच्या कपाळावर जाऊन बसला होता.

“ऐकलं? ही घरची पोर असं म्हनते. सावद्याचे लोक काय म्हनतीन? मी जबान देऊन बसलो हाये.”

“दादा, कवी लोक कल्पना करतात,” विनायक म्हणाला. मग त्यानं लेकीकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. “कुसुम… मामाकडे महिनाभर होतीस. तसं काही असलं तर आत्ताच सांग, बेटा.”

“अप्पा, तुम्हीसुद्धा?”

तिचा चेहरा असा झाला की सोजरबाईला तो बघवला नाही. सकाळपासून छत्री धरून आलेला बाप, एका ओवीसरशी समोरच्या बाजूला जाऊन बसला होता.

“हे माझं नाहीच आहे,” कुसुम म्हणाली. “आत्या म्हणायची जात्यावर. मी लहानपणी ऐकलेलं. मी फक्त सूर लावला.”

“जात्यावर?” गोदाबाईनं मान हलवली. ती खोटं बोलत नव्हती आणि वाईटही चिंतत नव्हती. “माय, मी या बाईच्या समोर बसून जलमभर दळलं. एका खुंट्याले दोघींचे हात. हे कधी माझ्या कानावर नाही आलं.”

“आनि वर तर तुझंच नाव छापेल हाये,” गिरधर म्हणाला. “सुनंदा, वाच.”

सुनंदानं नाइलाजानं तबकडीवरचा गोल कागद वाचला. “शब्द, चाल आणि आवाज, कुमारी कुसुम विनायक पाटील.”

“मी त्या कारखान्यातल्या लोकांना सांगितलं होतं,” कुसुम घाईघाईनं म्हणाली. “सांगितलं की सहावं ऐकलेलं आहे, बायकांचं आहे. तर ते हसले. म्हणाले, बाई, ओवीला काय कवी असतो? आणि सगळ्यांवर एकच मजकूर छापून टाकला. मलाही वाटलं, खरंच आहे. ओवी म्हणजे सगळ्यांचीच.”

गिरधरनं ती तबकडी काढून बाजूला ठेवली. रागानं आपटली नाही. सांभाळून ठेवली, आणि त्यामुळेच ते जास्त पक्कं वाटलं. “बाकीच्या दोन घेऊन जा नागपूरले. चौकातल्या दुकानात ठेव, मी स्वतः चार घरी देतो. ही इथं राहीन.”

“तिन्ही मिळून एक आहे, मोठे बाबा.”

“एक बोट कापलं तर हात मरत नाही.”

“हे बोट नाही,” कुसुम म्हणाली. “ती पाच गाणी मी या एकाच्या जोरावर बांधली. मला वाटायचं, आपल्या घरात इतकं खरं कुणीतरी कधीतरी म्हणून गेलंय, तर मलाही म्हणता येईल. हे नसेल तर काहीच नको. खोकं उचला आणि नदीत टाका.”

“कुसुम!”

“टाका, अप्पा. आणि सावद्यालाही कळवा, मुलगी आगाऊ आहे म्हणून.”

आता सगळे सोजरबाईकडे बघत होते.

ती अडकित्ता घेऊन तशीच बसली होती. एक शब्द बोलली तर पोर सुटत होती. कुठला शब्द, एवढंच काय ते ठरवायचं होतं. आणि तो शब्द तर अगदी तयार होता, ओठाशी आलेला, कुणालाही न दुखवणारा.

“जुनी ओवी हाये, दादा,” ती म्हणाली. “आपली माय म्हनायची. वहिनी आल्या त्याच्या पहिले. मंग मागं पडली. मीच पोरीले ऐकवली असन कधी.”

ओसरीतली हवा मोकळी झाली. “मंग हे आधी नाही का सांगावं!” गोदाबाई म्हणाली. विनायकनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो झटकला, मग राहू दिला. गिरधरही सैलावला. मायचं नाव निघालं की तो सैलावायचाच. “मायची हाये तर मायची,” तो म्हणाला. “जुन्या लोकायले सगळं शोभते. वाजू दे मंग.”

“मग एक करते,” कुसुमनं पिशवीतून टाक आणि पांढरी शाई काढली. शाळेच्या तक्त्यांवर लिहायची शाई. “या बाजूवरचं माझं नाव खोडते. सगळ्या तबकड्यांवरचं. इथं लिहिते, ‘पारंपरिक’.”

“म्हंजे काय?” सोजरबाईनं विचारलं.

“म्हणजे कुणी रचलं ते ठाऊक नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. कुणा एकाचं नाही असं.”

“कोनाचंच नाही?”

“हो, तसंच. कुणाचंच नाही.”

कुसुम शाईची बाटली हलवू लागली. सोजरबाई तिच्या हाताकडे बघत राहिली.

तो पहिला कापूस होता, नवरा गेल्यानंतरचा. मानमोडी तापाच्या साथीत गावंच्या गावं निजली होती. तापीच्या काठावर लाकडं पुरेनात. सासरचं घर रिकामं झालं आणि गिरधरदादा गाडी घेऊन तिला न्यायला आला. पुरता एक हंगामसुद्धा तिचा संसार झाला नव्हता. इकडे येऊन ती मुकाट्यानं कापूस वेचायला जाऊ लागली. एका सकाळी ओटीत बोंडं भरताना, दहिवरानं ओल्या कापसाला उन्हाची पहिली ऊब लागली, आणि तो वास आला. सरकी विकून आलेल्या माणसाच्या सदऱ्याचा. ती शेतात मटकन खाली बसली. बायकांना वाटलं, भोवळ आली. त्या दिवशी शब्द आपोआप जुळले. तिनं त्यांना कुणासमोर आणलं नाही. लोक म्हणाले असते, विधवा बाई आणि हे काय? आणि मग पाटाची बोलणी आली, दुसऱ्या लग्नाची. त्यांच्यात पाट लागत असे, त्यात वाईट काही नव्हतं. एक स्थळ तर चांगलं होतं. ती नाही म्हणाली. का, ते सांगितलं नाही. घरानंच कारण ठरवून टाकलं. माय नाही, विनायक लहान आहे, त्याच्यासाठी सोजर थांबली. केवढा त्याग! लग्नाकार्यात म्हाताऱ्या बायका तिच्या तोंडावरून हात फिरवायच्या. तिनंही ते अंगावर राहू दिलं, दिलेल्या लुगड्यासारखं.

कुसुमनं टाक शाईत बुडवला.

“खोडू नको, थांब,” सोजरबाई म्हणाली.

“काय झालं?”

“ते कोनाचंच नाही असं नाही.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “मायचं बी नाही. दादा, मी आत्ता खोटं बोलली. ते माझं हाये. मी रचलं.”

कुणाला पटकन कळलंच नाही. गिरधरनं विचारलं, “तू? तू काऊन रचशीन असं?”

मग तिनं उत्तर दिलं नाही, म्हटलंच. तीन मिनिटांच्या तबकडीत न मावलेली, कुसुमनं कधी न ऐकलेली शेवटची ओवी. आवाज चिरका झाला होता, पण सूर तोच, तोच लांब, घरघरता:

*नवा सदरा देता मले, नवा नको गं बाई,*
*जुन्याची गं घडी अजून मोडलीच नाही.*

सर्वांत आधी कळलं ते गोदाबाईला. तिनं कपाळावर हात मारला. “अगं माय! म्हंजे माझ्या मामेभावाले तू याच्यासाठी नाही म्हनली? आनि मी त्या बापड्याले तो मरेपर्यंत सांगत राहिली, विनायक लहान होता, तुझ्यात काही खोट नव्हती बाबा!”

“त्याच्यात नव्हतीच खोट, वहिनी. चांगला होता.”

“नाकाचा जरा…”

“नाकाचा होता जरा,” सोजरबाईनं कबूल केलं, आणि अशा वेळीसुद्धा दोघी फिसकन हसल्या. हसता हसता गोदाबाईनं तिचा हात धरला आणि सोडला नाही.

विनायक मात्र हसला नाही. केस पांढरे झालेला, गिरणीचा हिशेबी माणूस, पोरासारखा तिच्यासमोर येऊन बसला. “आक्का, म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते?”

“तू लहान होता ते खरंच. नाकाले शेंबूड राहायचा तुझ्या.”

“मी आयुष्यभर मनात धरून होतो. माझ्यामुळे तुझा संसार…”

“मले ठाऊक हाये. दिवाळीले लुगडं आनताना तुझं तोंड पाहायची ना मी.” तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “तू नसता तरी मी पाट लावला नसता. तू होता म्हणून दिवस गेले. दोन वेगळ्या गोष्टी हायेत त्या, विनू. आता मोकळा हो.”

विनायक खाली बघत राहिला. मोकळं होणंही एकदम जमत नाही. ज्या गोष्टीवर घराचा एक खांब उभा होता तीच सरकली होती, आणि घर तर तसंच उभं होतं. त्याला त्याचंच नवल वाटत असावं.

राहिला गिरधर. तो कुणाकडेच पाहत नव्हता. सोजरबाईला गाडीतून घरी आणणारा तोच, पाटाची स्थळं बघणारा तोच, आणि गावात तिच्या त्यागाचं कौतुक सांगणाराही तोच. तिला वाटलं, आता तो उठून बागेकडे निघून जाईल. दुखलं की तो केळीत जाऊन उभा राहायचा.

तो उठला. बाजूला ठेवलेली तबकडी त्यानं दोन्ही हातांनी उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि चकतीवर ठेवली. किल्ली भरली. सुई पहिल्या रेघेवर टेकवली, आणि या वेळी शेवटपर्यंत हात मागेच ठेवला.

वाळूतलं पाऊल आलं, सदऱ्याचा वास आला, बोंड आलं. सुनंदा रडत होती आणि कुसुम रडत नव्हती. ती आत्याकडे बघत होती, लहानपणी मांडीवरून वर बघायची तशी. गाणं संपलं तरी चकती फिरत राहिली. सुई रिकाम्या जागेत खरखरत राहिली.

“चांगला पोरगा होता,” गिरधर म्हणाला. “हसायचा फार.” मग घसा साफ करून, नेहमीच्या हुकमी आवाजात, “कुसुम, ही बी जाऊ दे नागपूरले. तिन्ही जाऊ दे. सावद्याले मी सांगतो, आमच्या घरच्या बायकायनं रचेल हाये, ऐकायचं असन तर ऐका. पन नाव बरोबर पाहिजे. तिचं घाल.”

कुसुमनं तबकडी मांडीवर घेतली. स्वतःच्या नावाआधीचा ‘शब्द’ तिनं बारीक रेघेनं खोडला. खाली जागा थोडीच होती. ती लहान, नेटक्या अक्षरांत लिहू लागली आणि मोठ्यानं म्हणत गेली, “शब्द… सोजरबाई…” टाक थांबला. “पुढे काय लिहू, आत्या?”

खरंच, पुढे काय? गावात ती पाटलाची सोजर होती. मतदारांच्या यादीसाठी तिचं नाव गिरधरनंच काय ते सांगितलं होतं.

“बापाचं लाव,” गोदाबाई म्हणाली. “माहेरीच तर राहिली.”

सोजरबाईनं मान हलवली. नवरा असताना बाईनं त्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि तो गेल्यावर तिला कुणी विचारत नाही. ओवीतसुद्धा तिनं ते घातलं नव्हतं. पदर सारखा केला, उगाचच.

“भिकन,” ती म्हणाली.

गोदाबाईचा हात तोंडाशी गेला. गिरधरनं मान वळवली. कुसुम टाक धरून तशीच बसली होती. शाईचा थेंब टोकाशी जमून पडायला आला होता.

“लिही ना,” सोजरबाई म्हणाली, आणि दुसऱ्यांदा ते किती सोपं गेलं. “भिकन.”